नाना चौक ते गनबो स्ट्रीट : एका माणसाच्या नावांचा माग (प्रकल्प नोंदी)

२ जून

आमच्या वाचनालयाने गिरगाव आणि ग्रँट रोड परिसरातील स्थळनामांचा नकाशा करायचे ठरवले असून त्यातील नाना शंकरशेट या एकोणिसाव्या शतकातील मुंबईच्या व्यापारी आणि समाजसुधारकाशी निगडित नावांचे काम माझ्याकडे आले आहे. प्रत्येक ठिकाणासाठी साठ-सत्तर शब्दांचा मजकूर लिहायचा, तो शाळकरी मुलांना समजेल असा असावा आणि त्यात एकही ऐकीव गोष्ट नसावी, असे आम्ही सुरुवातीलाच ठरवले.

आज वाचनालयात आलेल्या मुलांना नाना चौकातले नाना कोण, असे मी विचारले. तिघांनी नाना फडणवीस म्हटले आणि एकाने नानासाहेब पेशवे. मुलांचा यात काहीच दोष नाही. ‘नाना’ हे घरातले आणि आदराचे नाव असल्यामुळे ते उच्चारताना पूर्वीच्या गिरगावकराला कोणते नाना हे वेगळे सांगावे लागत नव्हते, आणि म्हणूनच ते आज कोणालाही लागू पडते. या प्रकल्पाची खरी अडचण येथूनच सुरू होते.

५ जून

आजचा दिवस केवळ नावाच्या फोडीवर गेला, परंतु तो वाया गेला असे मला वाटत नाही.

जगन्नाथ शंकरशेट यांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ चा आणि मृत्यू ३१ जुलै १८६५ चा. घराणे दैवज्ञ ब्राह्मण समाजातले, मूळचे मुरबाडकडचे आणि आडनाव मुरकुटे. म्हणजे ‘शंकरशेट’ हे आडनाव नव्हे, ते वडिलांचे नाव आहे. वडील शंकरशेट, त्यांचे वडील बाबुलशेट आणि बाबुलशेटांचे वडील गणबाशेट, अशी ही साखळी असून ‘शेट’ ही व्यापारातील प्रतिष्ठेची उपाधी प्रत्येकाच्या नावाला जोडलेली दिसते. नानांचे चिरंजीव कागदोपत्री ‘विनायकराव जगन्नाथजी’ असे येतात, ‘विनायक शंकरशेट’ असे येत नाहीत, यावरूनही ही गोष्ट स्पष्ट होते.

आता गिरगावातल्या रस्त्याचे चालू नाव पाहा. धोबी तलावाकडून चिराबाजार, ठाकूरद्वार असा जाणारा जुना गिरगाव रोड आज ‘जगन्नाथ शंकरशेट मार्ग’ आहे, पण बोलताना त्याला सगळे ‘जे. एस. एस. रोड’ म्हणतात. या तीन अक्षरांपैकी पहिले नानांचे, दुसरे त्यांच्या वडिलांचे आणि तिसरे ‘शेट’ या उपाधीचे. उपाधीला स्वतंत्र आद्याक्षर मिळाले आणि ज्या नावाने सारे शहर त्यांना ओळखत होते त्या ‘नानां’ना एकही अक्षर मिळाले नाही. ते नाव गेले मैलभर पलीकडच्या चौकाला. त्यामुळे रोज या रस्त्यावरून चालत जाऊन त्या चौकात बस पकडणाऱ्या माणसालाही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत हे कळायला काही मार्ग उरत नाही. नकाशावर ही दोन ठिकाणे एकाच रंगाच्या रेषेने जोडावीत, अशी सूचना मी लिहून ठेवली आहे.

९ जून

पावसाच्या उघडिपीत जे. एस. एस. रोडवर ठाकूरद्वारापासून उत्तरेकडे दोन्ही पदपथांनी चालत गेलो आणि दुकानांच्या पाट्यांवरील पत्ते उतरवून घेतले. एका औषधाच्या दुकानावर ‘ज. शंकरशेठ मार्ग’, त्याच्या शेजारच्या चष्मेवाल्याकडे ‘जे.एस.एस. रोड’, पुढे एका जुन्या भांड्यांच्या दुकानाच्या पत्र्यावर रंगाच्या पापुद्र्यांखाली अजून ‘गिरगाव रोड’ आणि एका चाळीच्या कमानीत ‘जगन्नाथ शंकरशेट रोड’ अशी नोंद मिळाली. या कमानीतल्या पाटीवर ‘ट’ आहे आणि त्या ‘ट’च्या पोटात कोणीतरी नंतर वेगळ्या रंगाने रेघ ओढून त्याचा ‘ठ’ करण्याचा प्रयत्न केलेला दिसतो. त्याचे छायाचित्र घेतले आहे.

‘शेट’ आणि ‘शेठ’ ही दोन्ही रूपे मराठीत चालतात. त्यांच्या नावाने दिल्या जाणाऱ्या शिष्यवृत्तीचा उल्लेख जुन्या मराठी मजकुरात बहुधा ‘शंकरशेट’ असा येतो आणि नव्या सरकारी मजकुरात ‘शंकरशेठ’ दिसते. आम्ही नकाशात ‘शंकरशेट’ हे एकच रूप ठेवणार आहोत. इंग्रजी कागदांतला ‘जगोनाथजी सुंकरसेट’ हा तर तिसराच अवतार आहे, आणि जुने दस्तऐवज शोधणाऱ्याने तो ध्यानात ठेवला नाही तर अर्धे संदर्भ हातातून निसटतात.

१० जून

नाना चौक. वर गोलाकार पादचारी पूल, खाली ग्रँट रोड स्टेशनकडून, ताडदेवकडून, गावदेवीकडून आणि गोवालिया टँककडून येणाऱ्या वाटा. आजूबाजूच्या नावांकडे पाहिले की हा चौक नानांच्या कामाला साजेशा शेजारात उभा आहे असे जाणवते. ताडदेवकडचा रस्ता जावजी दादाजींच्या नावाचा आहे, ज्यांच्या निर्णयसागर छापखान्याने संस्कृत आणि मराठी ग्रंथ नेटक्या टायपात घरोघर पोहोचवले. गावदेवीकडचा रस्ता पंडिता रमाबाईंचा आहे, ज्यांनी १८८९ मध्ये याच परिसरात शारदा सदन सुरू केले. ग्रँट रोड हे नाव १८३५ ते १८३८ या काळातील गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांचे आहे.

चौकाजवळचे भवानीशंकर मंदिर आणि राममंदिर ही शंकरशेट घराण्याची मंदिरे असून त्यांपैकी भवानीशंकर मंदिर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी नानांच्या वडिलांनी बांधले. बाहेर वाहनांचा अखंड कर्णा चाललेला असताना आत मात्र घंटेचा आवाज वेगळा ऐकू येतो. मंदिराच्या नावातला ‘शंकर’ देवाचा आहे, परंतु तो बांधणाऱ्याचेही नाव शंकर होते, ही गोष्ट मुलांना सांगण्यासारखी आहे.

१५ जून

शिक्षणाच्या कामावर गेले चार दिवस वाचन चालू आहे. साठ-सत्तर शब्दांत हे बसणार नाही, तरी येथे सविस्तर लिहून ठेवतो, कारण मला स्वतःला नानांच्या चरित्रातला हाच भाग सर्वात मोलाचा वाटतो.

१८२२ मध्ये वडील वारले तेव्हा नाना अवघ्या एकोणीस वर्षांचे होते आणि पेढीचा व मालमत्तेचा सगळा भार त्यांच्यावर पडला. त्याच वर्षी मुंबईत देशी मुलांसाठी शाळा आणि शालेय पुस्तके तयार करणारी संस्था स्थापन झाली, जी पुढे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी या नावाने ओळखली गेली. नाना तरुण वयातच तिच्या कामात आले आणि पुढची चार दशके शिक्षणाच्या कारभारातून बाजूला झाले नाहीत. एल्फिन्स्टन साहेब १८२७ मध्ये गव्हर्नरपदावरून निवृत्त झाल्यावर त्यांच्या स्मरणार्थ जो निधी जमला त्यातून एल्फिन्स्टन प्राध्यापकांच्या जागा निर्माण झाल्या, आणि त्या निधीमागेही नाना उभे होते.

१८४० मध्ये सरकारने बोर्ड ऑफ एज्युकेशन नेमले. त्यात सोसायटीने निवडलेले तीन देशी सभासद होते : जगन्नाथ शंकरशेट, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मुक्बा. हिंदू, पारशी आणि मुसलमान असे हे तिघे एका प्रश्नावर एकत्र उभे राहिले, तो प्रश्न म्हणजे शिक्षणाचे माध्यम. बोर्डाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी हे न्यायाधीश होते आणि पैसा मोजका असल्यामुळे तो वरच्या वर्गांतील इंग्रजी शिक्षणावरच खर्च व्हावा अशी त्यांची ठाम भूमिका होती. मराठीत गणिताची पुस्तके आणणारे जॉर्ज जर्व्हिस आणि हे तीन देशी सभासद विरुद्ध बाजूला होते. नानांनी १८४७ मध्ये आपले मत लेखी नोंदवले. पश्चिम हिंदुस्थानातील लोकांपर्यंत उपयुक्त ज्ञान पोहोचवायचे असेल तर देशी भाषाच इंग्रजीपेक्षा सरस साधन आहेत, असा त्याचा आशय होता.

येथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. इंग्रजी शिक्षणाची दारे मुंबईत उघडावीत म्हणून झटणारे आणि एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनचे आधारस्तंभ असलेले नानाच हे लिहीत होते. इंग्रजी मुळीच नको, असे त्यांचे म्हणणे नव्हते. मूठभर लोक इंग्रजी शिकतील आणि त्यांच्याकडून ज्ञान खाली झिरपत जाईल, हा हिशेब त्यांना मान्य नव्हता. पुढे उच्च शिक्षणात इंग्रजी कायम राहिली आणि खालच्या शाळा देशी भाषांत चालल्या, म्हणजे वादाचा निकाल अर्धाच त्यांच्या बाजूने लागला. आज या परिसरातील मराठी शाळांचे वर्ग ओस पडत असताना हे लिहीत आहे, त्यामुळे मजकूर लिहिताना मला वारंवार थांबावे लागले.

१८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा कायद्यात नोंदवलेल्या पहिल्या फेलोंमध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या कारभारी सभासदांमध्ये, नानांचे नाव होते. त्यांच्या पश्चात मॅट्रिकला संस्कृतात सर्वोच्च गुण मिळवणाऱ्यासाठी जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती ठेवण्यात आली. पुढे रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झालेले सी. डी. देशमुख यांनी १९१२ मध्ये मॅट्रिकला पहिले येऊन ही शिष्यवृत्तीही मिळवली होती. आमच्या मागच्या पिढीत ‘शंकरशेट’ हा शब्द अनेकांनी रस्त्यामुळे ऐकलेला नव्हता, तो ऐकला होता या शिष्यवृत्तीमुळे. ‘त्यांना शंकरशेट मिळाली होती’ एवढे म्हटले की पुरे होत असे.

२१ जून

मुलींच्या शाळेची नोंद आज पुरी केली. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधील विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी १८४८ मध्ये स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी पारशी व मराठी मुलींसाठी शाळा काढल्या. दादाभाई नौरोजी या तरुणांपैकी एक होते. तरुणांकडे उत्साह होता आणि शिकवायची तयारी होती, परंतु जागा नव्हती. नानांनी गिरगावातील आपल्या वाड्यात मुलींच्या शाळेला जागा दिली.

या घटनेचे वजन नीट समजायला हवे. त्या काळी मुलगी घराबाहेर शिकायला पाठवणे हीच गोष्ट निंदेला कारण होत होती. सार्वजनिक इमारतीतल्या शाळेत पाठवायला कचरणारा बाप नानांच्या वाड्यात पाठवायला तयार होऊ शकत होता, कारण तो वाडा प्रतिष्ठित, सोवळेओवळे पाळणाऱ्या घराचा होता. देणगीची रक्कम कितीही मोठी असती तरी तिने हे काम झाले नसते. घराचा उंबरठा दिला, म्हणून ते झाले.

हे लिहीत असताना माझ्या एकूण नोंदींना एक दिशा मिळाली. नानांच्या देणग्यांची यादी लांबलचक आहे आणि ती वाचून मुले कंटाळतील. पण त्यांनी ज्या ज्या कामांना *जागा* दिली वा ज्यांची जागा राखली, तेवढीच कामे निवडली तर नकाशा आपोआप बोलू लागतो : वाड्यातली कन्याशाळा, ग्रँट रोडवरची नाटकशाळा, सोनापूरची स्मशानभूमी. या माणसाचे नाव जागांना का मिळाले, याचे उत्तर यातच आहे. वाचनालयाच्या समितीपुढे हाच आराखडा ठेवतो.

२७ जून

नाटकशाळा. ग्रँट रोडवर १८४६ मध्ये नानांच्या पुढाकाराने आणि त्यांच्या जागेवर नाट्यगृह उभे राहिले. सुरुवातीला तेथे इंग्रजी नाटके होत असत, परंतु किल्ल्यात, म्हणजे आजच्या फोर्ट भागात, राहणाऱ्या युरोपियन प्रेक्षकाला रात्री घोडागाडीने ग्रँट रोडपर्यंत येणे दूर पडे. ज्या वस्तीत ते उभे होते त्या वस्तीनेच शेवटी ते आपलेसे केले. सांगलीला १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ करणाऱ्या विष्णुदास भाव्यांनी १८५३ मध्ये आपली मंडळी मुंबईला आणली आणि या नाट्यगृहात तिकीट लावून मराठी प्रयोग केले. त्याच वर्षी पारशी मंडळींचे गुजराती प्रयोगही तेथे सुरू झाले. मराठी आणि पारशी रंगभूमी मुंबईत एकाच रंगमंचावरून चालू लागली, आणि तो रंगमंच नाना चौकापासून हाकेच्या अंतरावर होता. नाट्यगृह आज नाही, पण ग्रँट रोडला पुढे शतकभर नाटक-सिनेमांची थिएटरे का दाटीने उभी राहिली, याचे मूळ येथे शोधता येते.

३ जुलै

रेल्वे. हा भाग सर्वांना ठाऊक असल्यामुळे थोडक्यात. जमशेटजी जीजीभाई आणि नाना यांनी १८४५ मध्ये रेल्वेसाठी संघटना उभारली, आणि ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या दहा संचालकांत हे दोघेच हिंदी होते. १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी साडेतीन वाजता एकवीस तोफांच्या सलामीत चौदा डब्यांची, तीन इंजिनांची गाडी बोरीबंदराहून ठाण्याला निघाली. ग्रँट रोडला मात्र ही कंपनी आली नाही. तेथे १८६४ मध्ये आली ती बी. बी. अँड सी. आय. (बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया) कंपनीची गाडी, म्हणजे आजची पश्चिम रेल्वे. नाना चौकाच्या फलकावर पहिल्या आगगाडीचे चित्र टाकण्याची सूचना आली होती. चित्र सुंदर आहे, पण ते बोरीबंदरला शोभेल असे मी कळवले.

मुंबई सेंट्रल स्थानकाला नानांचे नाव देण्याच्या प्रस्तावाला राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये मान्यता दिली आणि भुयारी मेट्रोच्या तेथील स्थानकाच्या नावातही ते आले आहे. नकाशात ही सर्वात नवी नोंद ठरेल.

८ जुलै

आज एका जुन्या चाळीत नव्वदीतल्या एका आजोबांकडे गेलो होतो. नानांविषयी काय ऐकले आहे, असे विचारताच ते म्हणाले, “अहो, आगगाडीबिगाडी तुम्ही लिहा. आमच्या घरी एवढंच सांगत, नाना होते म्हणून सोनापूर राहिलं. नाहीतर गिरगावातून मढं खांद्यावर घेऊन शिवडीपर्यंत चालावं लागलं असतं.”

मरीन लाइन्सजवळची सोनापूरची स्मशानभूमी हलवण्याचा सरकारी बेत नानांच्या विरोधामुळे मागे पडला, ही हकिकत त्यांच्या चरित्रांतही येते. आजोबांनी मात्र ती अंतर मोजून सांगितली. त्या काळी शववाहिनी नव्हती, चार खांदेकरी आणि पावसाळ्यातला चिखल होता, हे त्यांच्या एका वाक्यात आले. निघताना त्यांच्या सूनबाईंनी चहा केला आणि म्हणाल्या, “नकाशा झाला की बाबांना मोठ्या अक्षरात आणून द्या हं.” मोठ्या टायपातली एक प्रत काढायची आहे.

१२ जुलै

फोर्टमध्ये गनबो स्ट्रीट पाहून आलो. आजचे अधिकृत नाव रुस्तम सिधवा मार्ग. ‘गनबो’ हा शब्द ऐकून तोफ आठवते, परंतु तो गणबा या नावाचा इंग्रजी अपभ्रंश आहे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात किल्ल्यात येऊन स्थायिक झालेले नानांचे पणजोबा गणबाशेट यांचे ते नाव, असे मुंबईच्या रस्त्यांच्या नावांवरील १९१७ च्या इंग्रजी ग्रंथातही दिले आहे. म्हणजे या घराण्याचा मुंबईतला प्रवास रस्त्यांच्या नावांवरूनच काढता येतो : पणजोबा किल्ल्यातल्या अरुंद गल्लीत, पणतू किल्ल्याबाहेरच्या गिरगावात आणि ताडदेवच्या वाटेवर. शहर किल्ल्याबाहेर पसरले तो काळ आणि हा प्रवास एकच आहे.

परतताना एशियाटिक सोसायटीच्या टाउन हॉलमध्ये नानांचा संगमरवरी पुतळा पाहिला. तेथे गव्हर्नरांचे पुतळे आहेत आणि त्यांच्या पंक्तीत मुरबाडकडच्या घराण्यातले हे मराठी गृहस्थ आहेत. मी बराच वेळ तेथे थांबलो.

१६ जुलै

राजकीय कामाची नोंद कोणत्या ठिकाणाशी जोडावी, हा प्रश्न होता. २६ ऑगस्ट १८५२ रोजी बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली, नाना तिचे अध्यक्ष होते आणि डॉ. भाऊ दाजी चिटणीस. ईस्ट इंडिया कंपनीच्या सनदेचे नूतनीकरण १८५३ मध्ये व्हायचे असल्यामुळे संस्थेने ब्रिटिश पार्लमेंटकडे अर्ज धाडला आणि राज्यकारभारात हिंदी लोकांना वाटा मागितला. १८५७ मध्ये नानांवर उठावाशी संबंध असल्याचा संशय घेण्यात आला, चौकशी झाली आणि काही सिद्ध झाले नाही. १८६२ मध्ये त्याच सरकारने त्यांना मुंबईच्या कायदेमंडळावर नेमले. पाच वर्षांच्या अंतरातल्या या दोन गोष्टी शेजारी शेजारी छापाव्यात एवढीच माझी विनंती आहे. वेगळे भाष्य नको.

भाऊ दाजींचे नाव आज भायखळ्याच्या संग्रहालयाला आहे. त्या संग्रहालयाच्या उभारणीत जॉर्ज बर्डवुड आणि भाऊ दाजी यांच्याबरोबर नानाही होते, म्हणून नकाशाच्या कडेला बाणाने भायखळा दाखवत आहोत.

२४ जुलै

कच्ची प्रत छापखान्यातून आली आणि तिच्यात मोठी चूक निघाली. ‘शंकरशेट’ सर्वत्र ‘शंकरशेठ’ झाले होते, हे एक वेळ चालले असते. पण नाना चौकाच्या चौकटीत ‘जगन्नाथ यांचे वडील जगन्नाथ शंकरशेट’ असे वाक्य छापले गेले होते. अक्षरजुळणी करणाऱ्याला ‘वडील शंकरशेट’ अपुरे वाटले आणि त्याने ते आपल्या समजुतीने पुरे केले. पाच जूनला ज्या गैरसमजावर मी दोन पाने लिहिली, तोच आमच्या नकाशात उतरला होता. मजकूर मीच अधिक स्पष्ट लिहायला हवा होता. वाक्य आता असे केले आहे : “यांचे स्वतःचे नाव जगन्नाथ, वडिलांचे नाव शंकरशेट, घराण्याचे आडनाव मुरकुटे आणि लोकांनी दिलेले नाव नाना.”

२९ जुलै

दुसरी प्रत निर्दोष आहे. चौकाच्या चौकटीत शेवटी एकूण पासष्ट शब्द बसले. त्यांत आगगाडी नाही, पुतळा नाही. वाड्यातली मुलींची शाळा, नाटकशाळा आणि सोनापूर आहे, आणि गिरगावच्या रस्त्यापर्यंत जाणारी लाल रेषा आहे.

३१ जुलै

पुण्यतिथी. सकाळी साडेसातला सतरा मुले आणि पाच पालक ठाकूरद्वाराला जमले. पाऊस होता, तरी आम्ही छत्र्या उघडून लाल रेषेने चालत निघालो. कमानीतल्या त्या पाटीजवळ थांबून ‘ट’ आणि ‘ठ’ दाखवले. नाना चौकात पोहोचल्यावर, जूनमध्ये नाना फडणवीस म्हणणाऱ्या मुलीने नकाशातले वाक्य बाकीच्यांना मोठ्याने वाचून दाखवले. मोठ्या अक्षरांची प्रत दुपारी आजोबांना पोहोचवली. त्यांनी आधी सोनापूरची चौकट शोधली.